जुनं देताना, जुनं वापरताना

जुन्या कपड्यांची पिशवी दुसऱ्याच्या घरी पाठवताना एक गोष्ट हमखास राहून जाते. चेन अडकत असते, काखेतली शिवण उसवलेली असते, कॉलरवर मळाची रेघ बसलेली असते, आणि तरी आपण म्हणतो, "घे वं माय, घरी वापराले होईन." म्हणजे धुणं, शिवणं, बटणं शोधणं हे सगळं काम ज्याला आपण मदत केली म्हणतो त्याच्याच माथी. माझं म्हणणं असं की जुनी वस्तू घराबाहेर जायची असेल तर तिच्यावरचं काम देणाऱ्याने आधी उरकायचं आणि घेणाऱ्याने ती फक्त वापरायची. एवढं पाळलं तर जुन्या कपड्यांवरून होणारे निम्मे रुसवेफुगवे होणारच नाहीत.

आपल्या धामणगावात ही देवघेव वर्षातून दोनदा जोरात असते. एकदा दिवाळीच्या तोंडावर, कपाटं आवरली जातात आणि कापसाचा पहिला वेचा घरात येऊन नव्या कपड्यांचा विषय निघतो तेव्हा. दुसऱ्यांदा उन्हाळा संपता संपता, शाळा उघडायच्या आधी. त्यात आपलं रेल्वेचं गाव. नागपूरच्या मावशीची, बडनेऱ्याच्या आतेभावाची, पुण्याला नोकरीत असलेल्या पुतण्याची एखादी फुगलेली बॅग कुणा ना कुणाबरोबर स्टेशनवर उतरत असते. शहरातले कपडे लवकर बदलतात, म्हणून गावाकडे येणारा माल चांगलाही असतो. प्रश्न मालाचा कमी आणि रीतीचा जास्त आहे.

मोठ्या जावेच्या मुलाचं स्वेटर धाकटीच्या मुलाने घातलं तर कुणालाच काही वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी धाकटीकडून तिकडे काहीतरी जाणार असतं. मालकिणीने कामवाल्या बाईला किंवा शेतमालकाने सालगड्याला दिलेला जुना सदरा मात्र नेहमी एकाच दिशेने जातो. या एका दिशेमागे मोठा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं अंगावर घ्यावीत असंही आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला ती पोथी जाळली गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीच्या परिषदेला आले होते. महाडच्या परिषदेच्या वेळी महिलांपुढे बोलताना त्यांनी कपड्यांचा विषय काढला होता. लुगडं फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असावं, आणि जात ओळखू येईल अशा पद्धतीने नेसू नका, असं त्यांचं सांगणं होतं. फाटकं चालेल, पण ते आपलं आणि आपल्या हाताने धुतलेलं.

गाडगेबाबाही आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. 1876 मध्ये परीट घरात जन्मले आणि 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ गेले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, कारण अंगावर ठिगळांचा वेष. पण त्या चिंध्या त्यांनी स्वतः पसंत केल्या होत्या, दुसऱ्या कुणी अंगावर टाकल्या नव्हत्या. त्यामुळे कुणी "आमाले नाई पायजे जुने" असं म्हटलं तर त्याला माज समजू नका. घरात ज्यांच्या दोन पिढ्या दुसऱ्याने टाकलेलं वापरत गेल्या, त्यांना नकार द्यायचा पूर्ण हक्क आहे.

यातून देण्याची रीत आपोआप निघते. पिशवी भरायच्या आधी विचारा, आणि चारचौघांत विचारू नका. "तुमच्या मुलाची उंची केवढी आहे, सातवीतल्या पोराच्या दोन पँटी निघाल्या आहेत, पाहता का?" एवढं पुरतं. पूर्ण ढीग समोर ठेवून त्यांना निवडू द्या. उरलेलं परत ठेवताना तोंड वाकडं करू नका. आणि मजुरी, बोनस, सणाचं लुगडं यांच्या हिशेबात जुने कपडे कधीही धरू नका. कामाच्या बाईला दिवाळीला जे द्यायचं ते नव्यातलं किंवा रोख द्या, जुन्याचा विषय दुसऱ्या दिवशी काढा. देतानाचा फोटो तर अजिबात काढू नका. पोराच्या अंगातला शर्ट कुणाच्या घरून आला हे त्याच्या वर्गातल्या मुलांना कळायचं काही कारण नाही.

2016 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. कल्पना इराणमधल्या मशहद शहरातून आलेली. तिथे 2015 च्या हिवाळ्यात भिंतीला खुंट्या ठोकून कोट टांगले गेले. नको असलेलं ठेवा, लागेल ते घ्या. चांगली गोष्ट अशी की घेणाऱ्याला कुणाचे आभार मानायला लागत नाहीत. पण अशा भिंतींखाली काही दिवसांतच एका पायाचा बूट, फाटकी बनियन आणि पावसात भिजलेला ढीग जमतो, तेही आपण पाहतो. कुणी निवडणारं, टांगणारं नसलं की भिंतीचा उकिरडा होतो. आपल्याकडे त्यापेक्षा सोपी जागा आहे ती शाळा. 1 मे ला निकाल असतो, बहुतेक पालक त्या दिवशी शाळेत येतात. एका वर्गात दोन टेबलं लावून धुतलेले, इस्त्री केलेले गणवेश मापाप्रमाणे मांडले आणि सगळ्यांनीच, डॉक्टरच्या बाईनेही आणि हमालाच्या बाईनेही, त्यातून बदलून नेले तर लाजायचं काही राहत नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे उसवायला-शिवायला हाताशी जवळजवळ दोन महिने मिळतात.

आता कपड्याकडे वळू. द्यायचा कपडा आधी खिडकीजवळ नेऊन उजेडात धरा. पार्श्वभाग, गुडघे, कोपर आणि साडीचा पायाकडचा काठ इथे कापड आधी विरतं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आडवं-उभं थोडं ताणा. चर्रकन आवाज आला किंवा धागे सरकले तर तो कपडा अंगावर घालायचा राहिला नाही, त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो. टिकाऊ निघाला तर सगळे खिसे उलटे करा. मग बटणं मोजा, चेन चार वेळा वर-खाली करा. चेन नुसती जड चालत असेल तर तिच्यावरून मेणबत्ती फिरवली की भागतं. आतले कपडे, मोजे आणि ब्रा कुणालाही देऊ नका, घरातल्या घरातसुद्धा नाही. बूट शक्यतो देऊच नका. एकाच्या पायाप्रमाणे तळ दबलेला असतो, दुसऱ्याच्या पायाला तो वाकडा पडतो. एखाद्याच लग्नात घातलेला जोडा असेल तर गोष्ट वेगळी.

घेणाऱ्यानेही एक धुणं करायचंच, देणाऱ्यावर कितीही विश्वास असला तरी. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. म्हणून कुठून आले माहीत नसलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवले तरी तो धोका टळतो. गजकर्णाचं तसं नाही. ती बुरशी कपड्यात जास्त काळ टिकते आणि हल्ली साध्या मलमाने ती हटतही नाही. कपड्याला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात भिजवा, उलटा करून वाळवा आणि शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात एका दुपारी दोन वेळा वाळवणं होतं. रंगीत सुती कपडा मात्र त्याच उन्हात विटतो, म्हणून तोही उलटाच टाका.

कपडा मोठा असेल तर काम सोपं, लहान असेल तर सगळं मायेवर. पूर्वी शिंपी शिवणीच्या आत इंच-दीड इंच माया ठेवायचे, कारण तो कपडा दोन-तीन अंगांवरून जाणार हे त्यांना ठाऊक असायचं. ब्लाउज उलटा करून बगलेत पाहा. शिवणारणीने दोन किंवा तीन समांतर शिलाया मारलेल्या असतात; आतली एक उसवली की ब्लाउज तेवढा सैल होतो, दुकानात जायलाही नको. पँटची माया मागच्या मधल्या शिवणीत असते, म्हणून कंबर तिथून सोडतात. नांदगाव पेठजवळच्या बिझीलँड-सिटीलँडमधून किंवा ऑनलाइन घेतलेला रेडिमेड कपडा उलटा केला तर तिथे इंटरलॉकच्या टाक्याची बोटाच्या पेराएवढीही पट्टी नसते. तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. तेव्हा धाकटं भावंड अंगाने भरलेलं असेल तर रेडिमेडचा शर्ट त्याला होईल या आशेवर कपाटात ठेवू नका. बारीक चणीचा मामेभाऊ कुठे आहे ते पाहा. आणि मुलासाठी शिवून घेणार असाल तर टेलरला माया जास्त ठेवायला आताच सांगा. कापडाला चार रुपये जास्त लागतील, पण तीच पँट पुढे धाकट्याच्या पायाला येईल.

उंची सोडताना एक अडचण सगळ्यांनाच येते. निळ्या पँटची मुडप उलगडली की जुन्या घडीवर पांढुरकी रेघ दिसते. घडीचा मोड जाण्यासाठी पाण्यात थोडं व्हिनेगर मिसळून कापड ओलं करा आणि वरून सुती फडकं ठेवून इस्त्री दाबा, मोड जातो. पण रेघ नुसती मोडाची नसेल, रंगच उडालेला असेल, तर ती कशानेही जात नाही. तिच्यावर त्याच रंगाच्या दोऱ्याने दोन शिलाया मारून घ्या, ती मुद्दाम केलेली शिलाई वाटते. फ्रॉकवर त्याच जागी लेस किंवा सरळ दुसऱ्या रंगाची पट्टी लावा. ठिगळाचंही तसंच. गुडघ्यावर ठिगळ लपवायला जाल तर ते जास्त दिसतं. दोन्ही गुडघ्यांवर सारख्या मापाची चौकोनी पट्टी शिवली तर फॅशन म्हणून खपतं. लोकरीच्या किंवा चांगल्या सुटाच्या कापडाला छिद्र पडलं असेल तर रफू करणारा शोधा. रफूचं काम आता हातावर मोजण्याइतकेच लोक करतात, अमरावतीला जाणार असाल तेव्हा कपडा बरोबर ठेवा.

मुलांचं मन हा वेगळाच मामला आहे. धाकट्याला मोठ्याचं सगळं मिळतं आणि स्वतःचं काहीच नाही असं झालं की तो चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. दिवाळीला एक तरी कपडा त्याच्या मापाचा, त्याने स्वतः पसंत केलेला नवा घ्या, मग तो स्वस्तातला का असेना. मोठ्याच्या कपड्यातूनही त्यालाच निवडू द्या. तीन शर्ट समोर ठेवले आणि दोन घे म्हटलं तरी त्याचा शब्द राहतो. "हे तुह्या दादाचं हाय, नीट वापर" हे वाक्य तर नकोच. त्याच्या अंगावर चढलं की ते त्याचं झालं. त्याने चिखल लावला तर चिखल लावला. बहिणीच्या वस्तू भावाला देताना रंगाचा वाद निघतो. घरातल्या घरात गुलाबी टी-शर्टने काही होत नाही, पण शाळेत चिडवतील अशी भीती मुलाला असेल तर हट्टाने घालायला लावू नका, डाय करणाऱ्याकडून गडद रंगवून घ्या.

बाळाच्या बाबतीत मात्र जुनंच चांगलं, हे आपल्या आज्या बरोबर सांगायच्या. कित्येक घरांत पाचवीपर्यंत बाळाला नवं अंगडं घालतच नाहीत. नव्या कापडात खळ असते, कच्चा रंग असतो. पन्नास वेळा धुतलेलं झबलं मऊ पडलेलं असतं. जुन्या सुती लुगड्याची बाळोती आणि दुपटी यांना दुकानात तोड नाही. पण तीन ठिकाणी काळजी घ्या.

पहिली डांबरगोळीची. मोठ्या मुलाचे झबले-टोपडे ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवायचे आणि चार वर्षांनी नव्या बाळाला काढायचे, ही आपली पद्धत. या गोळ्यांतलं नॅफ्थलिन नवजात बाळाच्या अंगात कातडीतून आणि श्वासातून जातं. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी यामुळे फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. आपल्या बाळात ते कमी आहे की नाही हे सहसा आधी माहीत नसतं. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी टाकूच नका. टाकली असेल तर कपडे धुवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत चांगले काही दिवस वाऱ्यावर ठेवा. कसर लागू नये म्हणून कपडे अगदी कोरडे करून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत स्वच्छ चादरीत बांधून ठेवले तरी चालतं, फक्त पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवायला विसरू नका.

दुसरी काळजी झोळीची. विरलेल्या साडीची झोळी कधीही बांधू नका. वरून चांगली दिसते आणि गाठीशी फाटते. झोळीत बाळ नसताना ती सोडून ठेवा. चार-पाच वर्षांची मुलं तिला पीळ देऊन झोके घेतात आणि साडीचा फास गळ्याला बसतो. अशा घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. तिसरी रंगाची. वडिलोपार्जित लाकडी पाळणा सुंदर असतो, पण 1 नोव्हेंबर 2017 च्या आधीच्या घरगुती ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. त्या तारखेपासून रंगातल्या शिशावर दहा लाखांत 90 भाग अशी मर्यादा आली. जुन्या पाळण्याचे रंगाचे पोपडे उडत असतील तर बाळाजवळ, घरात सँडपेपर घासू नका. ते काम बाहेर, फडकं ओलं करून, बाळाच्या आईकडून नव्हे तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. चाकाचं वॉकर कुणी दिलं तर घेऊ नका. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली, आणि त्याने मूल लवकर चालतं हा समजही खोटा आहे.

कपड्यांनंतर आपल्याकडे सगळ्यात जास्त हात बदलणारी वस्तू कोणती असेल तर कूलर. कुणी एसी घेतो, जुना पत्र्याचा कूलर भाच्याला, भाडेकरूला किंवा शेतावरच्या खोलीत जातो. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी असते, आणि महावितरणही दर वर्षी सूचना काढतं. लोखंडी अंग, आत पाणी, त्या पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय, यात एक वायर सोलली की झालं. म्हणून कूलर देण्याआधी देणाऱ्याने इलेक्ट्रिशियन बोलवायचा. पंपाची वायर पत्र्याच्या छिद्रातून जिथे आत जाते तिथे रबरी बुश आहे का ते पाहायचं. बहुतेक वेळा तो पडून गेलेला असतो आणि पत्र्याच्या धारेने वायर कापत आलेली असते. दोन तारांची वायर काढून तीन तारांची घालायची आणि हिरवी तार बॉडीला स्क्रूने घट्ट लावायची. मोटर, पंप दोन्ही वेगवेगळे चालवून पाहायचे. पंप पाण्याबाहेर चालवायचा नाही. टब गंजून बोट आरपार जात असेल तर तो कूलर भंगारवाल्याचा.

घेणाऱ्याने आपल्या घरची अर्थिंग तपासून घ्यायची, कारण तीन पिनांचा प्लग लावला तरी भिंतीतल्या बोर्डाला अर्थिंगच नसेल तर त्या तिसऱ्या पिनेचा उपयोग शून्य. जमलं तर 30 मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर मीटरजवळ बसवा. वीज अंगातून जमिनीकडे गळायला लागली की तो लगेच पडतो, मग ती कूलरची असो की घरातल्या दुसऱ्या कशाची; फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र तो वाचवत नाही. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर बंद कूलरमध्येही वीज येत राहते. ताट्यांमधला लाकडी भुसा दर वर्षी नवा घाला, तो स्वस्त आहे आणि जुन्या भुशाला वास मारतो.

कुकर घेताना झाकण आणि भांडं एकाच कंपनीचं, एकाच मापाचं आहे का पाहा. बूड फुगलेलं असेल तर नको. गास्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे टाकूनच पहिली शिट्टी घ्या. गॅसची शेगडी कुणी दिली तर नळी त्याच्याबरोबर घेऊ नका. नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. हेल्मेट जुनं वापरू नका, भावाचं असलं तरी. आतला थर्माकोल एकदा आपटला की दबतो, वरून दिसत नाही, आणि दुसऱ्यांदा डोकं वाचवत नाही. चष्म्याची फ्रेम चालेल, काचा नंबरप्रमाणे नव्या. आजोबांची काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची हे तर घरात पडून राहण्यापेक्षा गल्लीत फिरतं राहिलं पाहिजे. द्यायच्या आधी खालचे रबरी बूट बदलले की झालं.

मोबाइल देताना आधी सेटिंगमध्ये जाऊन गुगलचं खातं काढा, यूपीआयची ॲप बंद करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, मग रिसेट मारा. खातं न काढता बाहेरून रिसेट केलं तर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. ओळखीबाहेरून घेणार असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आयएमइआय नंबर काढा आणि इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा अंकी नंबर 14422 वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. मोटरसायकल घरातल्या घरात दिली तरी कागद करा. एमएच-27 ची गाडी काकाच्या नावावर आणि चालवतो पुतण्या, अपघात झाला की काका कोर्टात. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, आणि विमाही नव्या नावावर. मूळ मालक वारला असेल तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायची.

शाळेच्या पुस्तकांचं थोडक्यात. बालभारतीचा अभ्यासक्रम सध्या इयत्तेगणिक बदलत चालला आहे, तेव्हा ताईचं पुस्तक धाकटीला देण्याआधी पहिल्या पानांवरचं आवृत्तीचं वर्ष पाहा. शब्दकोश, नकाशे, कंपास आणि गोष्टीची पुस्तकं कधीच जुनी होत नाहीत.

घरातलं माणूस गेल्यावर त्याचे कपडे तेरवीनंतर लगेच वाटायची घाई होते. ज्यांचा माणूस गेला त्यांना थोडा वेळ द्या. आईच्या साड्या मुलींनी आणि सुनांनी एकत्र बसून, आईच्या जावेला, नणंदेलाही विचारून वाटून घ्याव्यात. नाहीतर एका पैठणीवरून पुढे दहा वर्षं बोलणं बंद राहतं. खऱ्या जरीची जुनी साडी दारावर आलेल्या जरवाल्याला तोलून देऊ नका. जुन्या जरीत चांदी असते, सराफाकडून आधी पाहून घ्या. आणि नेसायच्या न राहिलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवा. जाड, खरखरीत, टेरिकॉटचं कापड आत, मऊ सुती लुगडं दोन्ही बाजूंनी वर. सुरकुती न पडता अंथरून आधी कच्चा टाका चारी बाजूंनी घाला, मग धावदोरा बाहेरच्या कडेने सुरू करून फेर घेत मध्यापर्यंत या; मधून सुरू केलं तर कापड फुगून कडेला गोळा होतं. नऊवार असेल तर एका लुगड्यात दोन्ही बाजू निघतात. हात दुखतात, दिवस जातात, पण शिवून देणाऱ्या बाया अजून खेड्यांत आहेत. त्यांना मजुरी नीट द्या.

उरलं ते ज्यात काहीच जीव नाही. सुती असेल तर फडकं, मसोतं, पोतेरं, या क्रमाने त्याचं आयुष्य ठरलेलं आहे. टेरिकॉट आणि नायलॉन पाणी पीत नाही, त्यामुळे पोतेऱ्याला निरुपयोगी. ते उशीत, लोडात भरा, किंवा 'गूंज'सारख्या संस्थेकडे पाठवा. 1999 पासून ही संस्था जुन्या कपड्यांवर काम करते, पण तिथेही धुतलेलंच पाठवायचं. चुलीत किंवा शेकोटीत हे कापड जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि कात्री चालवायच्या आधी बटणं, हुक, चेन, धड असलेलं इलॅस्टिक, साडीचा फॉल आणि काठ उसवून एका डब्यात टाका. शर्टाच्या खालच्या शिवणीजवळ आतल्या बाजूला बघायला विसरू नका. पुष्कळ कंपन्या तिथे एक जादा बटण शिवून देतात, आणि ते तसंच पोतेऱ्यात जातं.